सिनेमातलं पार्श्वसंगीत जरा थांबेल का?

मंद्रसप्तक | शनिवार, रात्री १०.२२

परवा एक नवा मराठी सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, कारण भांडण त्या एका सिनेमाशी नाही. वडील गेल्याचं मुलाला फोनवर कळतं, असा प्रसंग आहे. नट कसलेला. फोन ठेवल्यावर तो टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगाच दोन बोटं पुढे सरकवतो, बस. त्यात सगळं आलं होतं. पण त्याचा हात ग्लासपर्यंत पोचायच्या आत व्हायोलिनं सुरू झाली, मागोमाग बासरी, आणि मग कुणी बाईंनी 'आऽऽ' लावला. आता रडायचं आहे बरं का, अशी तीन-तीनदा सूचना. माझं रडू तिथंच आटलं.

सिनेमातलं संगीत म्हटलं की आपल्याकडे गप्पा लगेच गाण्यांवर जातात. गाणी हवीतच, मीही तासन् तास ऐकतो. पण गाणं सिनेमाबाहेरही जगतं. रेडिओवर वाजतं, वरातीत वाजतं, गणपतीत तर नको इतकं वाजतं. पार्श्वसंगीताला दुसरं घर नाही. जमलं तर तिथंच जमतं, फसलं तर अख्खा प्रसंग घेऊन बुडतं. सिनेमा बघताना रंगतो त्यात त्याचा वाटा गाण्यांहून मोठा आहे असं माझं मत आहे, आणि ते करणाऱ्याची परीक्षा तो कुठे गप्प बसतो यावर होते.

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. प्रभातचा 'कुंकू', १९३७. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. शांता आपटे तरुण नीरा, केशवराव दाते तिचा म्हातारा नवरा. शांतारामबापूंनी या सिनेमाला पार्श्वसंगीत दिलंच नाही. ऐकू येतात ते त्या जगातलेच आवाज. संगीतकार होते केशवराव भोळे, म्हणजे चाली सुचत नव्हत्या असं कुणी म्हणायची सोय नाही. आदल्याच वर्षी त्यांनी 'संत तुकाराम' केला होता. त्याआधी १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचं संगीत त्यांचंच. पदांवर पदं आणि वर वन्स मोअर अशी नाटकं बघायची सवय असलेल्या प्रेक्षकासमोर त्या नाटकात पदं मोजकीच ठेवली होती. हात आखडता घेणं हा या माणसाचा जुनाच विचार असणार. 'कुंकू'मध्ये भिंतीवरचं घड्याळ ठोके देतं तेव्हा ते त्या म्हाताऱ्याचं वय मोजतंय हे आपल्याला न सांगता कळतं. मागे सारंगी लावली असती तर घड्याळ नुसतं घड्याळ राहिलं असतं.

आणि याच्या अगदी उलट टोक म्हणजे 'पथेर पांचाली', १९५५. हरिहर बऱ्याच काळाने गावी परततो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. शहरातून आणलेल्या वस्तू तो एकेक काढून दाखवतोय, बोलतोय, आणि दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला दिसतो, ऐकू मात्र येत नाही. त्या जागी तारशहनाई वरच्या पट्टीत फुटते. (इसराजसारख्या वाद्याला धातूचा कर्णा जोडलेला असतो, म्हणून तो धारदार सूर.) संगीत रविशंकरांचं. इथे वाद्य रडण्याच्या 'मागे' वाजत नाही, रडण्याच्या जागेवरच येऊन बसतं. एकदा हे पाहिलं की 'भावुक प्रसंग, घाला व्हायोलिनं' या प्रकाराचा कंटाळा येतो.

येऊ द्या तुमचे प्रसंग, चांगलेही आणि डोकं उठवणारेही. फक्त 'माझी आवडती दहा गाणी' नकोत. त्यासाठी इथे ढिगाने धागे आहेत.

चिंचगूळ | शनिवार, रात्री १०.४७

ग्लासवाला सिनेमा कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अगदी राहवत नाहीये.

बाकी अगदी अगदी! पण मालिकांबद्दल बोललाच नाहीत. आमच्याकडे सासूने नुसतं दार उघडलं तरी 'ढॅण'. चेहरा तीनदा जवळ, ढॅण ढॅण ढॅण. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना फक्त आवाजावरून सांगते, 'आता हिला ते पत्र सापडलं वाटतं.' आणि खरंच सापडलेलं असतं.

टूरिंगटॉकीज | रविवार, सकाळी ६.५०

मंद्रसप्तकराव, लेख उत्तम, पण मूळ मुद्दाच मला पटलेला नाही.

आमचं सिनेमा बघणं तंबूतलं. यात्रेत कनात लागायची, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, खाली धुरळा. मशीनचा खडखडाट इतका की तुमचं पार्श्वसंगीत आणि तुमची शांतता दोन्ही गेली त्यात. गाणं मात्र ऐकू यायचं. गाण्यावर पडद्याच्या दिशेने पैसे उडायचे, आरडाओरडा झाला की ऑपरेटर रीळ मागे घेऊन तेच गाणं परत लावायचा. 'पिंजरा' लोकांनी पुन्हापुन्हा पाहिला तो मास्तरांच्या अधःपतनावर चिंतन करायला नव्हे. राम कदमांची ढोलकी आणि खेबुडकरांचे शब्द ऐकायला पाहिला. माणूस तिकीट काढतो तेव्हा गाण्याचे पैसे देतो, हे निदान १९७२ सालापर्यंत तरी खरं होतं.

आणि 'जैत रे जैत' (१९७७) कुठे बसवणार? ठाकर आदिवासींची गोष्ट, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. त्यात गाणं कुठे संपतं आणि पार्श्वसंगीत कुठे सुरू होतं ते दाखवा मला. तिथे गाण्यांनीच गोष्ट सांगितली आहे. जब्बार पटेलांसारख्या दिग्दर्शकाला ते चालतं तर तुम्हाला का खुपतं?

मंद्रसप्तक | रविवार, सकाळी ९.१५

टूरिंगटॉकीज, 'जैत रे जैत'बद्दल शंभर टक्के सहमत. आदिवासी जगण्यात गाणं वेगळं काढताच येत नाही, म्हणून सिनेमातही आलेलं नाही. मला खुपतं ते न विचारता आलेलं संगीत.

पण जब्बार पटेलांचंच नाव काढलंत म्हणून सांगतो, त्यांच्या 'सामना'ला भास्कर चंदावरकरांचं संगीत आहे. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' आठवा. आरती प्रभूंचे शब्द, रवींद्र साठ्यांचा आवाज. पडद्यावर कुणी गात नाही, कुणी नाचत नाही. ते गाणं असूनही काम पार्श्वसंगीताचं करतं. तंबूत त्यावर पैसे उडाले नसतील, पण सिनेमा संपल्यावर तेच डोक्यात घेऊन माणूस घरी जातो.

मिक्सिंगवाला | रविवार, दुपारी १२.३०

या धंद्यात आहे म्हणून जरा आतलं सांगतो. नावं घेणार नाही, पोट त्यावरच आहे.

नियम असा की आधी एडिट लॉक व्हायचं, म्हणजे काटछाट कायमची ठरायची. मग दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून सिनेमा थांबवत थांबवत बघतात आणि ठरवतात, इथून सुरू, इथे बंद. याला स्पॉटिंग म्हणतात. चांगल्या स्पॉटिंगमध्ये 'इथे काही नको' हे वाक्य बरेचदा ऐकू येतं. मग संगीत तयार होतं, रेकॉर्ड होतं आणि माझ्याकडे येतं. माझ्या पुढ्यात तीन ढीग असतात: संवाद, इफेक्ट्स (पावलं, दारं, भांडी, पाऊस) आणि संगीत. या तिघांचं जमवून देणं हे माझं काम.

प्रत्यक्षात काय होतं? रिलीजची तारीख पोस्टरवर आधीच छापलेली. शूटिंग लांबतं, एडिट लांबतं, आणि ती सगळी उशीर झालेली कात्री शेवटी संगीत आणि मिक्सवर चालते. त्यात एडिटरने काम करताना तात्पुरतं म्हणून कुठल्या तरी परदेशी सिनेमाचं संगीत लावलेलं असतं, त्याला टेंप म्हणतात. दिग्दर्शक महिनोन् महिने ते ऐकून त्याच्या प्रेमात पडतो. मग संगीतकाराला सांगितलं जातं, 'असंच पाहिजे, पण हे नको.' आता तो बिचारा काय करणार? दहा सिनेमांचं संगीत एकसारखं का वाटतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर भीतीत आहे. शूटिंगला आवाज नीट मिळाला नाही, लावा संगीत. सीन लांबलाय पण कापवत नाही, लावा संगीत. नटाचं काम पडलंय, मग तर लावाच. प्रेक्षक जे ऐकतो त्यातलं बरंचसं संगीत ही डागडुजी असते.

एकदा असं झालं. एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडतेय, सून मागे उभी, दोघींत बोलणं नाही. लोकेशनवरच रेकॉर्ड झालेला सुपाचा आवाज इतका सुंदर होता, 'छर्र... छर्र...', मध्येच एक खडा वाजतो, ती थांबते, वेचते, परत 'छर्र'. त्यावर कीबोर्डवरच्या व्हायोलिनांची गादी घातलेली. मी संगीताचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खाली ओढला आणि सीन लावून दाखवला. दिग्दर्शक एकदम खूश. निर्माते म्हणाले, 'त्या माणसाला पैसे दिलेत ना? मग वाजू दे.' शेवटी तह झाला. संगीत राहिलं, पण म्हातारी सूप खाली ठेवते तिथून सुरू झालं. आणि गंमत म्हणजे तिथे ते खरंच छान वाटलं.

शंकासुर | रविवार, दुपारी २.०५

सगळे शांततेचे उपासक जमलेले दिसताहेत, म्हणून एक विरोधी मत नोंदवून ठेवतो.

पार्श्वसंगीत काढून टाकलेला सिनेमा म्हणजे फोडणीशिवाय आमटी, पथ्याला ठीक. 'कोर्ट' किती जणांनी थिएटरात जाऊन पाहिला? खरं सांगा. दोन मिनिटं काही वाजलं नाही की शेजारचा मोबाइल काढतो, मागचा कुरकुरे उघडतो. हिरोच्या एंट्रीला छातीत धडधडलं पाहिजे की नको? आपण सिनेमाला करमणुकीसाठी जातो. विपश्यनेला जायचं असेल तर इगतपुरी आहे.

अबोली | रविवार, दुपारी ४.४०

शंकासुर, मी पाहिला 'कोर्ट' थिएटरात. शेजारच्याने मोबाइल काढला होता हे खरंय, पण तो कंटाळला म्हणून नव्हे, बायकोचा फोन होता. :)

गंमत बघा, ज्याला पार्श्वसंगीत नाही तो सिनेमा आहे एका लोकशाहिराबद्दल. गाणी आहेत, संभाजी भगतांची, आणि ती मंचावर उभं राहून गायलेली. वीरा साथीदार कपाळावर आठ्या घालून गातात, समोर वस्तीतली माणसं बसलेली. पुढे कोर्टात फायली, तारखा आणि पंख्याची घरघर. त्या रुक्ष जागेत एकही सूर नाही म्हणून शाहिराचा आवाज जास्त लागतो. ही चैन नाही, हिशेब आहे.

आणि करमणूकच हवी असेल तर 'सैराट' (२०१६) घ्या, त्याला पथ्याचा सिनेमा म्हणता येणार नाही. अजय-अतुलनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं. गाणी पूर्वार्धात. 'झिंगाट'ला आमच्या गावच्या थिएटरात लोक पडद्यासमोर जाऊन नाचले, खुर्च्या मोडतात की काय असं झालं होतं. पूर्वार्धात विहिरीतली उडीसुद्धा ऑर्केस्ट्राच्या थाटात. तो थाट आर्ची-परशाच्या डोक्यातला आहे. प्रेमात पडलेल्या पोरांना आपलं आयुष्य तसंच ऐकू येत असणार. हैदराबादला गेल्यावर तो थाट ओसरतो. पाणी, स्टोव्ह, भांडण, संशय. आणि शेवट (न पाहिलेल्यांनी पुढचं वाचू नये)...

माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करते. मग शेजारीण पोराला घेऊन येते, ते पोर घरात जातं आणि रडत बाहेर येतं, रक्ताची पावलं उमटवत. त्या रडण्याचा आवाज नाही. संगीत नाही, रडणं नाही, काहीच नाही. अडीच तास ज्यांनी कान भरून दिले त्यांनीच ते काढून घेतले. 'झिंगाट'ला नाचलेलीच पोरं खुर्चीत बसून होती, उठेना कुणी. सबंध सिनेमा संगीताशिवाय असता तर ही शांतता इतकी लागली असती का? मला नाही वाटत. म्हणून मंद्रसप्तकांना अर्धी सहमती. थांबण्यासाठी आधी वाजावं लागतं.

मंद्रसप्तक | रविवार, सायंकाळी ६.१०

अबोली, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. पण 'कुंकू'त आधी काही वाजलं नव्हतं, तरी लागतंच की. दोन वेगळे रस्ते आहेत म्हणू.

शंकासुर, नुसती शांतता नको हे मान्य. उलट गाणी नसतानाही पार्श्वसंगीतावर सिनेमा तरतो हे हिंदीत जुनंच आहे. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) आणि यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९), दोन्हींत गाणं एकही नाही, आणि पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. ज्यांची गाणी ऐकायला लोक जीव टाकत, त्यांनाच बिनगाण्याच्या सिनेमासाठी बोलावलं यात काहीतरी अक्कल आहे.

काजवा | रविवार, सायंकाळी ७.३३

'तुंबाड' (२०१८) कुणीच कसा नाही काढला? संगीत जेस्पर किड यांचं, व्हिडिओ गेम्सच्या संगीतासाठी नावाजलेला माणूस. आणि तो पाऊस. मला तर वाटतं अर्धं पार्श्वसंगीत पावसाचंच आहे. वाड्यात म्हातारी झोपलेली आहे, बाहेर धार लागलीय, आणि कुठला आवाज पावसाचा आणि कुठला वाद्याचा हे कळत नाही. कोकणात राहिलेल्यांना जास्त कळेल.

टूरिंगटॉकीज | रविवार, रात्री ८.००

बरं, मीही एक देतो, आणि गाण्याशिवायचं देतो, म्हणजे हट्टी म्हणणार नाही कुणी.

'शोले'. जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय, वर गॅलरीत राधा एकेक दिवा मालवतेय. संवाद शून्य. विधवा बाई आणि भुरटा चोर, त्या काळात त्यांच्या तोंडी काय देणार होतात? तेवढ्या सुरांनी सगळं प्रकरण मिटवलं. तो माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवलेला, संगीत पंचमचं. आणि ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो प्रसंग आठवा, तिथे कानात राहते ती झोपाळ्याची करकर. सगळ्यात बटबटीत मसाला सिनेमा म्हणतात ना, त्यातही माणसाला कुठे थांबायचं ते कळत होतं.

पण 'मेहबूबा'चे पैसे वेगळे वसूल होतात, हे नोंदवून ठेवा.

सातासमुद्रापार | रविवार, रात्री १०.५५ (तुमची)

इथे अमेरिकेत, बे एरियात ऑर्केस्ट्रा समोर बसवून सिनेमा दाखवायची पद्धत आहे. मोठा पडदा, त्यावर संवाद आणि इफेक्ट्ससह सिनेमा, फक्त संगीत काढून टाकलेलं, ते खाली प्रत्यक्ष वादक वाजवतात. तसा 'जॉज' (१९७५) पाहिला. जॉन विल्यम्सचे ते एकमेकांना चिकटलेले दोन सूर सगळ्यांना माहीत आहेत, मी त्याच्यासाठीच गेलो होतो. पण माझी नजर पडद्यापेक्षा वादकांवर जास्त होती. आणि वादक कितीतरी वेळ नुसते बसलेले! व्हायोलिन मांडीवर, एक जण चष्मा पुसतोय, कंडक्टरही पडदा बघतोय. घरी बघताना हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग एक गोष्ट कळली. दोन पोरं पुठ्ठ्याचं खोटं शार्कचं पातं लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा किनाऱ्यावर एकच पळापळ होते. पण ते दोन सूर वाजत नाहीत. संगीत खोटं बोलत नाही. आपल्याला नकळत नियम शिकवला जातो की सूर आले म्हणजे शार्क आला. आणि तो नियम अंगी मुरला की मग नायक बोटीवरून मासे टाकत बसलेला असताना, काहीही न वाजता, शार्क एकदम तोंड वर काढतो. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजी दचकून उडाल्या. त्यांनी तो सिनेमा आधी पाहिला असणार याची मला खात्री आहे.

शंकासुर, बघा, धडधडवायलाही गप्प बसावं लागतं.

शंकासुर | रविवार, रात्री ११.२०

हे पटलं. इगतपुरीचा मुद्दा तात्पुरता मागे.

मांडवीपार | सोमवार, सकाळी ११.०५

वादक मांडीवर व्हायोलिन घेऊन बसले होते, हे वाचून राहवलं नाही. आमच्या गोंयकारांबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना सुरांची लिपी वाचायला शिकवत. तिथून तयार झालेली माणसं मुंबईत आली, हॉटेलांत जॅझ वाजवली आणि तिथून सिनेमात गेली. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती कागदावर उतरवायची, पन्नास वादकांना वाटून द्यायची, व्हायोलिनं कुठे येतील आणि ट्रंपेट कुठे, हे ठरवायचं काम अरेंजरचं. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर गुरू; प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त जे नाव अमिताभच्या तोंडी नाचत आलं ते त्यांचंच, शिष्याने दिलेली दक्षिणा. लोकांना ते नाव कुणा काल्पनिक माणसाचं वाटतं. या मंडळींपैकी बहुतेकांची नावं पडद्यावर कधी आली नाहीत. पार्श्वसंगीतात तर नाहीच. गाण्याचं श्रेय संगीतकाराला, सिनेमाचं दिग्दर्शकाला, आणि प्रसंगाखाली रात्रभर वाजवणारा लोकलने घरी.

२०१२ साली गोन्साल्विस गोव्यातच वारले. आपल्या अनिल मोहिल्यांसारखे मराठी अरेंजरही याच परंपरेतले. त्यांच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी येतो भर घालायला. देव बरें करूं.

काजवा | सोमवार, दुपारी १.१५

मांडवीपार, काय माहिती दिलीत! मला खरंच ते काल्पनिक नाव वाटायचं.

अवांतर: वर 'संत तुकाराम'चा विषय निघालाय म्हणून. 'आधी बीज एकले' हा अभंग आमच्या भजनी मंडळात तुकोबांचा म्हणूनच म्हणतात. तो सिनेमात घेतलाय का?

टूरिंगटॉकीज | सोमवार, दुपारी १.४०

उलटं आहे. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठीच लिहिला. इतका जमला की लोकांनी गाथेत शोधला. भजनी मंडळाला सांगू नका, म्हणू दे त्यांना.

(आणि गाण्याची ताकद कशाला म्हणतात, हे मंद्रसप्तकरावांनी यावरून समजून घ्यावं.)

अबोली | सोमवार, सायंकाळी ५.२०

टूरिंगटॉकीजकाका, गाण्याच्या ताकदीवरून 'फँड्री' आठवला. 'तुझ्या प्रीतीचा हा इंचू' हे अजय-अतुलचं गाणं केवळ जाहिरातीसाठी केलं होतं, सिनेमात ते नाहीच. आमच्या रांगेत दोघं जण शेवटपर्यंत त्याची वाट बघत होते, 'आता येईल, आता येईल.' म्हणजे लोक गाण्यामुळे आत गेले हे तुमचं खरं. पण आत जे मिळालं ते वेगळंच होतं. डुक्कर धरायला अख्खं कुटुंब धावतंय, आणि शाळेत 'जन गण मन' सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुक्कर कशाला थांबतंय? थिएटरात आधी हसू आलं, मग ते हसू घशात अडकलं. सगळ्यांच्या पाठ असलेलं गाणं नुसतं योग्य जागी लावलं, बाकी काही नाही. पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे आणि तेही फार समंजस आहे, पण त्या जागी त्यांनीही हात बांधून ठेवले.

टूरिंगटॉकीज | सोमवार, सायंकाळी ५.५८

ते डुकराचं मी विसरूच शकत नाही. बाकी काय बोलणार.

चिंचगूळ | सोमवार, रात्री ९.१०

मिक्सिंगवाला, एक घरगुती प्रश्न, विषयाला सोडून नाही फारसा. घरी टीव्हीवर सिनेमा लावला की संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज वाढवायचा, तेवढ्यात संगीत येतं आणि शेजारचे भिंत ठोकतात. मग कमी करायचा. बाबा सबंध सिनेमाभर रिमोटवर अंगठा ठेवून बसतात. हे तुम्ही लोक मुद्दाम करता का?

मिक्सिंगवाला | सोमवार, रात्री ९.४५

मुद्दाम नाही हो! आम्ही मिक्स करतो ते थिएटरच्या हिशेबाने. तिथे पडद्यामागे मधोमध एक स्वतंत्र स्पीकर असतो, संवाद मुख्यतः त्यातून येतात. संगीत डावी-उजवीकडून आणि मागून. घरी टीव्हीला दोनच बारीक स्पीकर, तेही पाठीमागे भिंतीकडे तोंड केलेले. सगळं त्यांच्यात कोंबलं जातं आणि संवाद खाली दबतात. सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'स्टिरिओ' करून बघा, ५.१ वर (म्हणजे थिएटरसारख्या अनेक स्पीकरांच्या आवाजावर) असेल तर हा त्रास जास्त होतो. 'डायलॉग' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असं काही दिसलं तर तेही चालू करा. रात्री बघत असाल तर 'नाइट मोड'.

थिएटरातही हा घोळ आहेच. डॉल्बीच्या यंत्रावर आवाजाचा ७ हा ठरलेला आकडा, आम्ही त्यावर ऐकून मिक्स करतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक तक्रार करतात, मग ऑपरेटर ५ वर आणून ठेवतो आणि मुख्य सिनेमाही तसाच चालतो. म्हातारीचं सूप तिथे कुणाला ऐकू येणार? पुढच्या वेळी संवाद बारीक वाटले तर मध्यंतरात जाऊन सांगा, करतात वर.

चिंचगूळ | सोमवार, रात्री १०.०२

'स्टिरिओ' केलं. फरक आहे! बाबांना दाखवलं तर म्हणाले, 'मग आता मी हातात काय धरू?'

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १०.३०

मांडवीपार, अरेंजर मंडळींवरचा धागा तुम्हीच काढा, इथल्या कुणापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. मी 'पुष्पक' (१९८७) घेऊन येतो तिकडे. त्यात संवादच नाहीत, म्हणजे एल. वैद्यनाथन यांच्यावर केवढी जबाबदारी आली असेल, त्यावर मिक्सिंगवाल्यांकडून ऐकायचंय.